विश्लेषण : ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा आकडा नेमका काय सांगतो? स्थलांतरितांचे आरोग्य मोजणे इतके अवघड का?

बीड जिल्ह्यातील ८२ हजार ३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यातील १३ हजार ८६१ महिलांचे गर्भाशय काढलेले असल्याचे आढळले. २०१९ मध्ये पुढे आलेला हा आकडा देशभर गाजला. पण तो किती मोठा, कशाच्या तुलनेत मोठा आणि त्याचे कारण काय, हे सांगायला नुसती मोजणी पुरत नाही. वर्षातील सहा महिने गावात आणि सहा महिने फडावर राहणाऱ्या माणसांचा आजार मोजायचा कसा, हा साथरोगशास्त्रातील अवघड प्रश्न आहे. हे शास्त्र त्यासाठी कोणत्या पद्धती वापरते आणि महाराष्ट्रात गाडी कुठे अडते, याविषयी...

हा आकडा आला कुठून?

बालाघाटच्या डोंगररांगेतील धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. पश्चिम महाराष्ट्र, सोलापूर, अहिल्यानगर आणि उत्तर कर्नाटकातील कारखाने ही त्यांची मुख्य ठिकाणे. मुकादमाकडून उचल घेतली जाते, ती नवरा-बायकोच्या जोडीच्या नावावर. या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. जोडीतील एकाने काम चुकवले तर ‘खाडा’ लागतो आणि पैसे कापले जातात. त्यामुळे पाळी, बाळंतपण किंवा अंगावरचे पांढरे जाणे यासाठी सुट्टी घेणे म्हणजे कर्जात भर.

या पार्श्वभूमीवर बीडमध्ये अनेक तरुण महिलांची ‘पिशवी काढली’ जात असल्याच्या बातम्या २०१९ मध्ये आल्या. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. वर दिलेला आकडा याच चौकशीतून पुढे आला. टक्केवारीत तो १६.८ होतो, म्हणजे साधारण दर सहा महिलांमागे एक. त्याआधी २०१८ मध्ये ‘तथापि’ या संस्थेने २०० ऊसतोड महिलांशी बोलून केलेल्या पाहणीत हे प्रमाण ३६ टक्के आढळले होते.

विधिमंडळात सरकारने तिसराही आकडा दिला होता. बीडमधील ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४ हजार ६०५ गर्भाशय शस्त्रक्रिया झाल्या, असा तो आकडा. १३ हजार ८६१, ३६ टक्के आणि ४ हजार ६०५ हे तिन्ही आकडे बातम्यांत एकमेकांशेजारी छापले गेले. प्रत्यक्षात ते तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत.

तीन आकड्यांत फरक काय?

पाण्याची टाकी डोळ्यासमोर आणली तर फरक लगेच कळतो. टाकीत आज किती पाणी साठले आहे हा एक प्रश्न आणि नळातून तासाला किती पाणी येते हा दुसरा. १३ हजार ८६१ हा साठा आहे. आयुष्यात कधीही शस्त्रक्रिया झालेल्या महिला त्यात आल्या, मग ती गेल्या वर्षीची असो वा पंधरा वर्षांपूर्वीची. ४ हजार ६०५ ही नळाची धार आहे, म्हणजे ठरावीक तीन वर्षांत झालेल्या शस्त्रक्रिया. पण त्यात ऊसतोड न करणाऱ्या महिलाही आहेत. शिवाय सांगली किंवा सोलापूरला हंगामात असताना शस्त्रक्रिया करून घेतलेली बीडची महिला त्यात नाही.

३६ टक्क्यांची अडचण आणखी वेगळी आहे. २०० महिला अगदी चिठ्ठ्या टाकून निवडल्या असत्या, तरी निव्वळ योगायोगामुळे खरे प्रमाण साधारण २९ ते ४३ टक्क्यांच्या मध्ये कुठेही असू शकले असते. ज्या गावांतून तक्रारी आल्या तिथेच पाहणी झाली, तर आकडा वर सरकणे स्वाभाविक आहे. म्हणून छोट्या पाहणीचे मोल कमी होत नाही. धोक्याची घंटा वाजवणे हे तिचे काम. पण घंटेच्या आवाजावरून आग किती एकरांवर पसरली आहे हे सांगता येत नाही.

१६.८ विरुद्ध २.६, ही तुलना योग्य आहे का?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) गर्भाशय शस्त्रक्रियेचा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला. १५ ते ४९ वयोगटातील महिलांत हे प्रमाण देशात ३.२ टक्के, तर महाराष्ट्रात २.६ टक्के होते. त्यामुळे ‘राज्याच्या सरासरीच्या सहापटीहून अधिक’ असे म्हणण्याचा मोह होतो. साथरोगशास्त्र इथे पहिला प्रश्न विचारते, दोन्ही गटांतील महिलांचे वय सारखे आहे का?

गर्भाशय शस्त्रक्रिया वयाबरोबर वाढते. १५ ते ४९ वयोगटात शाळा-कॉलेजातल्या मुलीही मोजल्या जातात. ऊसतोड महिलांच्या गटात बहुतेक जणी विवाहित असतात. समजा, तिशीच्या आतील महिलांत धोका १ टक्का आणि तिशीपुढे ९ टक्के आहे, आणि तो दोन्ही गटांत अगदी सारखा आहे. पहिल्या गटातील १००० महिलांपैकी ८०० तिशीपुढच्या असतील तर एकूण ७४ शस्त्रक्रिया निघतील, म्हणजे ७.४ टक्के. दुसऱ्या गटात ४०० जणीच तिशीपुढच्या असतील तर ४२ निघतील, म्हणजे ४.२ टक्के. धोका सारखाच, तरी आकडा जवळपास दुप्पट! हा फसवा फरक काढून टाकण्यासाठी दोन्ही गटांचे वय कागदावर सारखे करून पुन्हा हिशेब मांडतात. याला वय-प्रमाणीकरण म्हणतात.

मग बीडचा आकडा केवळ वयाचा खेळ आहे का? तसे दिसत नाही आणि ते तपासण्याची एक सोपी युक्ती आहे. ४५ वर्षे आणि त्यापुढील वयाच्या भारतीयांच्या ‘लासी’ या राष्ट्रीय पाहणीत (२०१७-१८) महिलांमधील हे प्रमाण सुमारे ११ टक्के आढळले. म्हणजे बीडमध्ये पाहणी झालेल्या सगळ्या महिला ४५ च्या पुढच्या आहेत असे मानले, जे शक्यच नाही, तरी राष्ट्रीय सरासरीने आकडा ११ च्या आसपास थांबायला हवा होता. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच फेरीत सर्वात पुढे असलेल्या आंध्र प्रदेशातही १५ ते ४९ वयोगटातील प्रमाण ८.९ टक्के होते. त्यामुळे फरक नेमका सहापट आहे का, हे ठामपणे सांगता येत नसले, तरी तो खरा आहे आणि मोठा आहे, हे म्हणता येते.

छेद कुठे हरवतो?

कोणताही दर म्हणजे अपूर्णांक. वर अंश, म्हणजे आजारी माणसे. खाली छेद, म्हणजे ज्यांना तो आजार होऊ शकला असता ती सर्व माणसे. स्थलांतरितांच्या बाबतीत अंश कसाबसा मिळतो, कारण आजारी माणूस कधीतरी दवाखान्यात येतो. छेद मात्र निसटतो. राज्यात ऊसतोड कामगार नेमके किती, याच्या वेगवेगळ्या अंदाजांतच काही लाखांची तफावत आहे.

याचे कारण मोजणीच्या व्याख्यांत आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीत माणूस जिथे सहा महिने किंवा अधिक राहतो ते त्याचे ‘नेहमीचे ठिकाण’. एक महिन्याहून अधिक पण सहा महिन्यांहून कमी काळ कामासाठी बाहेर असलेला माणूस ‘अल्पकालीन स्थलांतरित’. ऊसतोडीचा हंगाम साधारण पाच-सहा महिन्यांचा. म्हणजे पाऊस चांगला झाला आणि हंगाम लांबला तर एकच कुटुंब एका वर्षी एका खान्यात आणि दुसऱ्या वर्षी दुसऱ्या खान्यात जाऊ शकते.

कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे पथक आधी गावातील घरांची यादी करते, त्यातून काही घरे निवडते. निवडलेल्या घराला कुलूप असेल तर पुन्हा फेरी मारली जाते, पण त्याऐवजी शेजारचे घर घेत नाहीत. नमुना शुद्ध राहण्यासाठी हा नियम योग्यच आहे. पण पथक डिसेंबरात बीडच्या तांड्यावर पोहोचले तर कुलपे लागलेली असतात आणि उसाच्या फडाशेजारची पाचटाची कोप कुणाच्याच यादीत नसते.

जनगणनेतही हाच पेच आहे. २०११ मध्ये लोकसंख्या मोजणीचा टप्पा ९ ते २८ फेब्रुवारी असा होता, म्हणजे गाळप हंगाम ऐन भरात असताना. या काळात जो सलग बाहेर आहे त्याची नोंद तो असेल तिथे व्हायला हवी. ती होणे न होणे हे गणक उसाच्या फडापर्यंत जातो की नाही यावर अवलंबून. त्या जनगणनेनुसार देशात सुमारे ४५ कोटी लोक स्थलांतरित होते. त्यात लग्न होऊन सासरी गेलेल्या महिलांचा वाटा सर्वात मोठा. दरवर्षी जाऊन परत येणारे या आकड्यात स्वतंत्रपणे दिसत नाहीत.

गंमत अशी की ऊसतोड कामगारांची एक चांगली मोजणी ते अडकले तेव्हा झाली. २०२० च्या टाळेबंदीत कारखान्यांच्या परिसरात थांबवून ठेवलेल्या सव्वा लाखाहून अधिक कामगारांना गावी जाऊ देण्याचा निर्णय झाला, तेव्हा कारखानानिहाय याद्या तयार कराव्या लागल्या. थांबले म्हणून मोजले गेले, चालू लागले की यादी मागे पडली.

मग पाहणी थेट फडावरच केली तर?

तरीही चित्र अर्धेच मिळते. फडावर कोण आलेले असते? ज्याच्या अंगात मोळी उचलून ट्रॉलीत चढवण्याची ताकद आहे तो. कंबर गेलेली, श्वास लागणारी, नुकतीच शस्त्रक्रिया झालेली महिला गावीच राहते किंवा तिच्या जागी दीर किंवा मुलगा कोयता धरतो. त्यामुळे फडावरचा गट कागदावर आहे त्यापेक्षा तंदुरुस्त दिसतो. याला ‘निरोगी स्थलांतरित परिणाम’ म्हणतात. जगभर हे दिसते. नव्या देशात आलेले स्थलांतरित गरीब असूनही सुरुवातीला स्थानिकांपेक्षा निरोगी आढळतात, कारण आजारी माणूस सहसा घर सोडत नाही.

याची दुसरी बाजू म्हणजे आजारी पडलेला माणूस घरी परततो. अंडी घालण्यासाठी जन्मनदीकडे परतणाऱ्या सॅमन माशावरून याला ‘सॅमन परिणाम’ असे नाव पडले आहे. कामाच्या ठिकाणच्या नोंदीत त्या माणसाचा आजार आणि मृत्यू कधीच येत नाही. तिथे सगळे आलबेल दिसते.

म्हणूनच फक्त गावात केलेली पाहणीही फसवते आणि फक्त फडावर केलेलीही. एकीत धडधाकट माणसे सुटतात, दुसरीत आजारी.

आजार एका राज्यात, मृत्यू दुसऱ्या राज्यात?

याचे सर्वात वेदनादायी उदाहरण महाराष्ट्राच्या सीमेला लागूनच आहे. मध्य प्रदेशातील अलिराजपूर, झाबुआ आणि धार या आदिवासी जिल्ह्यांतील तरुण गुजरातमधील गोध्रा, बालासिनोर परिसरात गारगोटीचा दगड दळणाऱ्या कारखान्यांत कामाला जात. दगडाची अतिसूक्ष्म धूळ फुप्फुसात रुतून बसते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही.

कारखाना गुजरातेत, मृत्यू मध्य प्रदेशात. कारखान्याच्या हजेरीपटावर अनेकांचे नावच नव्हते. गावच्या दवाखान्यात खोकला, वजन घटणे आणि धाप ही लक्षणे क्षयरोगाची समजली जाणे सोपे होते. दोन्ही राज्यांच्या आकडेवारीत हा आजार वेगळा उठून दिसत नव्हता. गावोगाव फिरून कोण कुठे कामाला होता, किती काळ होता आणि कधी गेला, याची यादी झाली तेव्हा चित्र स्पष्ट झाले. प्रकरण राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१६ मध्ये न्यायालयाने २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचे आदेश गुजरात सरकारला दिले.

यातला धडा थेट आहे. स्थलांतरिताला ‘काय होते आहे’ एवढे विचारून चालत नाही. ‘आधी कुठे होता’ हाही आरोग्याचा प्रश्न आहे. केसपेपरवर पत्ता आणि वय असते, पण गेल्या पाच हंगामांत माणूस कुठे कामाला होता याचा रकाना नसतो. तो असता तर असे आजार लवकर ओळखू आले असते.

कारण नेमके ऊसतोडच, हे कसे ठरवायचे?

बीडमध्ये ऊसतोड महिलांत शस्त्रक्रिया अधिक, एवढ्यावरून ऊसतोड हेच कारण ठरत नाही. लहान वयात लग्न, लवकर आणि लागोपाठ बाळंतपणे, सरकारी दवाखाना लांब आणि खासगी जवळ, ‘पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल’ ही घातलेली भीती, या सगळ्या गोष्टी ऊसतोड न करणाऱ्या शेजारणीलाही लागू पडतात. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीनुसार देशातील सुमारे दोन तृतीयांश गर्भाशय शस्त्रक्रिया खासगी रुग्णालयांतच झाल्या होत्या. त्यामुळे तुलना राज्याच्या सरासरीशी न करता अशा कुणाशी करावी लागते, जिचे बाकी सगळे सारखे आहे आणि फरक फक्त स्थलांतराचा आहे.

अशी तुलना भारतात एकदा मोठ्या प्रमाणावर झाली आहे आणि त्यात नागपूरही होते. ‘इंडियन मायग्रेशन स्टडी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभ्यासात लखनऊ, नागपूर, हैदराबाद आणि बेंगळूरु येथील कारखान्यांतले, खेड्यातून शहरात आलेले कामगार आणि त्यांचे जोडीदार निवडले गेले. संशोधकांनी प्रत्येकाला गावी राहिलेला सख्खा भाऊ किंवा बहीण सोबत आणायला सांगितले. आई-वडील तेच, बालपण तेच, घरातले खाणे तेच. एक शहरात गेला, दुसरा गावात राहिला. आता फरक दिसला तर तो रक्तातला किंवा बालपणातला असण्याची शक्यता खूप कमी होते.

साडेसहा हजारांहून अधिक लोकांच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. गावात राहिलेल्या पुरुषांत स्थूलतेचे प्रमाण १९ टक्के होते, शहरात आलेल्यांत ३७.८ टक्के आणि मूळ शहरवासीयांत ४१.९ टक्के. मधुमेह गावात ६.२ टक्के, तर स्थलांतरितांत १४.३ टक्के होता. मूळ शहरवासीयांत तो १३.५ टक्के होता, म्हणजे या आजारात गावाकडून आलेले शहरातल्यांच्या बरोबरीला पोहोचले होते.

ऊसतोडीसाठी हीच कल्पना वेगळ्या रूपात वापरता येईल. एकाच घरातील दोन जावा, त्यातली एक फडावर जाणारी आणि दुसरी गावी राहणारी. गाव तेच, दवाखाना तोच, दुष्काळही तोच. त्याच्या जोडीला आणखी दोन तारखा विचारायला हव्यात, पहिला हंगाम कधी केला आणि शस्त्रक्रिया कधी झाली. शस्त्रक्रिया आधीची आणि फड नंतरचा असेल तर ऊसतोडीला कारण म्हणता येणार नाही. प्रश्नाचे शब्दही महत्त्वाचे. गावात ‘ऑपरेशन झाले’ म्हणजे बहुतेकदा कुटुंब नियोजनाचे. ‘पिशवी काढली का’ असे सरळ विचारले नाही तर मोजणीच चुकते.

मध्य अमेरिकेतील ऊसतोड कामगारांकडून काय शिकता येईल?

निकाराग्वा आणि एल साल्वादोर या देशांत मधुमेह नाही, रक्तदाब नाही, तरी तरुण ऊसतोड कामगारांची मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे या शतकाच्या सुरुवातीपासून लक्षात येऊ लागले. तिथेही पहिली अडचण छेदाचीच होती. हंगामापूर्वी काही कारखाने रक्ततपासणी करत आणि मूत्रपिंडाचा दोष दिसलेल्याला कामावर घेत नसत. त्यामुळे चालू कामगारांची पाहणी केली की आजार कमी दिसे. आजारी माणसे त्या यादीबाहेर, घरी बसलेली होती.

संशोधकांनी यावर उपाय काढला. दोन वेगळ्या माणसांची तुलना करण्याऐवजी एकाच माणसाची त्याच्याशीच तुलना करायची. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात रक्तातील क्रिएटिनिन मोजायचे, हंगाम संपताना पुन्हा मोजायचे. वय, जात, जनुके, व्यसन यातले सहा महिन्यांत काही बदलत नाही. बदलते ते काम. उन्हात सर्वात जड काम करणाऱ्या तोडणी कामगारांत मूत्रपिंडावरचा ताण अधिक आढळला. कडक उन्हातील श्रम आणि शरीरातील पाणी कमी होणे हा मुख्य संशय आहे, जरी सगळी कारणे अजून निश्चित झालेली नसली तरी. त्यानंतर निकाराग्वातील एका मोठ्या कारखान्यात पाणी, सावली आणि सक्तीच्या विश्रांतीची व्यवस्था वाढवली, तेव्हा मूत्रपिंडाला इजा होण्याचे प्रमाण घटल्याचे दिसले. म्हणजे कारण शंभर टक्के सिद्ध होण्याआधीही मोजणीने उपाय सुचवला आणि तो लागू पडला की नाही हेही मोजणीनेच सांगितले.

इथे आणखी एक हिशेब उपयोगी पडतो. १०० महिला प्रत्येकी सहा महिने फडावर असतील तर त्या मिळून ५० वर्षांचे काम झाले. याला ‘व्यक्ती-वर्षे’ म्हणतात. या काळात कोयत्याच्या १० गंभीर जखमा झाल्या तर प्रमाण १०० महिलांमागे १० असे नाही, तर १०० व्यक्ती-वर्षांमागे २० असे धरायला हवे. बाराही महिने काम करणाऱ्या कारखाना कामगाराशी तुलना करताना हा फरक धरला नाही, तर ऊसतोडीचा धोका निम्मा दिसतो.

सरकारने काय केले, आणि काय राहिले?

२०१९ नंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक झाले. अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने तयार केलेल्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करा, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना सांगितले. ऊसतोड महिलांची आरोग्य तपासणी हंगामाआधी आणि हंगामानंतर घेण्याकडेही प्रशासन वळले आहे.

पण नियमाचा परिणाम मोजतानाही स्थलांतर आडवे येते. बीडच्या नोंदवहीत शस्त्रक्रिया कमी झाल्या, तर त्या खरोखर घटल्या की शेजारच्या जिल्ह्यात किंवा कर्नाटकात सरकल्या, हे एकट्या बीडच्या आकड्यांवरून कळणार नाही. परवानगी जिल्ह्यापुरती आहे, पण महिला तीन-चार जिल्हे ओलांडून जाते.

उपचारांचेही तेच. साध्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा असतो, म्हणजे जवळपास एका ऊसतोड हंगामाएवढा. ऑक्टोबरात गावात गोळ्या सुरू झालेल्या रुग्णाचे बहुतेक उपचार फडावर व्हायला हवेत. ‘निक्षय’ या राष्ट्रीय नोंदणी प्रणालीत रुग्णाला स्वतंत्र क्रमांक मिळतो आणि त्याची नोंद दुसऱ्या जिल्ह्याकडे सोपवता येते. क्षयरोगासाठी जे जमते ते गरोदरपणाची तपासणी, बाळाचे लसीकरण आणि रक्तक्षय यांच्यासाठीही जमायला हवे. कागद माणसामागे गेला पाहिजे. आज उलट होते, कागद गावच्या उपकेंद्रात राहतो आणि गरोदर महिला फडावर असते.

पुढे काय?

ऊसतोड कामगारांचा छेद मिळवण्याची दोन साधने समोर आहेत. पहिले, गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी सुरू झालेली कामगार नोंदणी. ग्रामपंचायत पातळीवरची ही यादी केवळ ओळखपत्रापुरती न ठेवता त्यात पहिल्या हंगामाचे वर्ष, गेल्या हंगामाचा कारखाना आणि बाहेर राहिलेले महिने एवढे तीन रकाने वाढवले, तर ती आरोग्य अभ्यासाचा पाया ठरू शकते. अर्थात माहितीचा गैरवापर होऊन आजारी महिलेला उचलच नाकारली जाण्याची भीती खरी आहे. निकाराग्वात दिसलेला प्रकार इथे घडू नये, यासाठी आरोग्याची नोंद मुकादम आणि कारखान्याच्या हाती पडणार नाही अशी व्यवस्था आधी करावी लागेल.

दुसरे साधन जनगणनेचे. लांबलेल्या जनगणनेची संदर्भ तारीख आता १ मार्च २०२७ आहे. म्हणजे गणक घरोघरी फिरतील तो काळ पुन्हा गाळप हंगामाचाच. साखर कारखान्यांकडे त्यांच्या तोडणी टोळ्यांच्या याद्या असतात आणि कोणती टोळी कोणत्या गावाच्या शिवारात आहे हेही त्यांना ठाऊक असते. या याद्या गणकांच्या हाती वेळेत पडल्या तर फडावरच्या कोपी मोजणीत येतील. नाहीतर बीडच्या तांड्यावर कुलूप आणि कोल्हापूरच्या शिवारात पाचट, एवढीच नोंद होईल.

तोवर १३ हजार ८६१ या आकड्याचा अर्थ मर्यादित राहतो. एवढ्या महिलांचे गर्भाशय काढले गेले, हे त्याने सांगितले. त्यातल्या किती शस्त्रक्रिया टाळता आल्या असत्या आणि यंदा फडावर गेलेल्यांपैकी कुणाला धोका आहे, हे सांगण्यासाठी त्या अंकाखाली एक विश्वासार्ह छेद लागतो.